शेजारचं कॉलेज जास्त चांगलं

आमच्या टॉलेरुड कॉलेजला कायमचं कुलूप लागणार, ही बातमी आम्हाला अध्यक्षांच्या पत्राच्या चौथ्या परिच्छेदात समजली. पहिल्या परिच्छेदात त्यांनी यंदाच्या हिवाळ्याबद्दल चार शब्द लिहिले होते. दुसऱ्यात बास्केटबॉलच्या संघाचं कौतुक होतं. संघ हरला होता, पण थोडक्यात. तिसरा परिच्छेद जेवणघरातल्या नव्या फ्रीजला वाहिलेला होता. चौथ्यात 'काही बदल' होते: मेअखेर कॉलेज बंद. पाचव्यात सगळ्यांना वसंत ऋतूच्या शुभेच्छा. आम्ही मिनेसोटाची माणसं वाईट बातमी कुणाच्या अंगावर फेकत नाही. भाजीखाली लपवून वाढतो. खाणाऱ्याला दाताखाली लागली की कळते.

माझी बायको आर्लीस या कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय चालवायची. कार्यालय म्हणजे आर्लीस, एक संगणक आणि एक किटली. मी निवृत्त आहे, म्हणजे आर्लीस सांगेल ते उचलतो आणि सांगेल तिथे ठेवतो.

पत्र आल्यावर परदेशी मुलांची पांगापांग झाली. नेपाळची दोघं भावंडं टेक्सासला मामाकडे गेली. जगातल्या प्रत्येक माणसाचा एक मामा टेक्सासात असतो, हे मला आर्लीसच्या नोकरीमुळे कळलं. ओबीचाही होता, पण त्याच्याशी तिच्या आईचं बोलणं बंद होतं.

ओबी म्हणजे ओबियागेली न्वोसू. नायजेरियातल्या ओनित्शा गावची, तिथल्या बाजारात तिच्या आईचं कापडाचं दुकान आहे. तीन वर्षं ती आमच्या घरात वरच्या खोलीत राहत होती. आमच्याकडे ऐंशीच्या म्हाताऱ्यालाही शेंबडं पोर नुसत्या नावाने हाक मारतं. ओबीला ते पहिल्या दिवसापासून जमलं नाही. तिने मला काका आणि आर्लीसला काकू करून टाकलं. ती शिकत होती धान्य आणि अन्नप्रक्रिया. शिकून परत जायचं आणि ओनित्शाला भाताची गिरणी टाकायची, असं मायलेकींचं ठरलेलं.

आता अडचण अशी, की परदेशी विद्यार्थ्याला कॉलेजावाचून या देशात राहता येत नाही. मासा पाण्याबाहेर थोडा वेळ तरी तडफडतो, व्हिसाला तेवढीही सवड नसते. आमचं दार बंद व्हायच्या आत दुसऱ्या एखाद्या कॉलेजाने 'ही मुलगी आम्ही घेतली' असं सही करून लिहून द्यायला हवं होतं. मग आर्लीस आपल्या संगणकावरचं एक बटण दाबणार आणि ओबीचं सगळं दप्तर तिकडे जाणार. नाहीतर ओबी विमानात, हातात अर्धी पदवी.

"अर्धी पदवी म्हणजे अर्धा शिवलेला झगा," तिची आई फोनवर म्हणाली होती. "पुढून झाकतं आणि मागून लोक हसतात. तसला घालून माझ्या दुकानात यायचं नाही, सांगून ठेवते."

म्हणून आर्लीसने राज्यातल्या कॉलेजांना साकडं घातलं आणि एका शनिवारी आमच्या व्यायामशाळेत त्यांचा मेळावा भरवला. या आणि उरलेली मुलं घेऊन जा. चार कॉलेजांनी माणसं पाठवली. एप्रिल असूनही सकाळपासून बर्फ पडत होतं, तरी चौघं वेळेवर हजर. टेबलं मांडली गेली, कॉफीचं पिंप मी उचललं आणि ठेवलं.

यात एकच गोष्ट आर्लीसच्या ध्यानात आली नाही, आणि येणार तरी कशी, तीही इथलीच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जगभर चालतं. आमच्याकडे नेमकं उलटं. आपलं ते कार्टं; बाब्या नेहमी शेजारच्याचा. स्वतःच्या मक्याला, स्वतःच्या पोराला किंवा स्वतःच्या ट्रकला चांगलं म्हणणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी मारणं. आमच्या गल्लीतल्या हार्लनला नांगरटीचं राज्यातलं पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्याने तो करंडक तळघरातल्या फ्रीजरमध्ये हरणाच्या मटणाखाली पुरून ठेवला. बायकोला तो सापडला हार्लन गेल्यावर, आणि तिने तो परत तिथेच ठेवला.

असल्या माणसांना त्यांच्या कॉलेजांनी गिऱ्हाइकं आणायला धाडलं होतं.

ओबी तयारीने आली. डोक्याला कडक पिवळा फेटा, अंगात आईच्या दुकानातला निळा झगा. आर्लीसने तिला दारातच सांगितलं, "ओबी, जरा हळू बोल हं."

"काकू, हळू बोलून बाजारात काय मिळतं?"

"बाजार नाहीये गं हा."

"टेबलं आहेत, माल आहे, विकणारे आहेत. मग काय प्रार्थना आहे?"

पहिलं टेबल मोठ्या विद्यापीठाचं. तिथे ड्वेन नावाचा उंच, हडकुळा माणूस बसला होता. त्याच्या मागे विद्यापीठाने दिलेला भलाथोरला फलक होता. त्यावर 'अग्रगण्य' असं काहीतरी छापलेलं असावं, कारण ड्वेनने नेमका त्या शब्दावर आपला ओव्हरकोट टांगला होता.

"मला अन्नप्रक्रिया शिकायची आहे," ओबी म्हणाली. "तुमच्याकडे आहे?"

"आहे म्हणजे... आहे तशी."

"चांगली आहे?"

ड्वेनने छताकडे पाहिलं. "लोक येतात."

"किती?"

"जरा जास्तच येतात. माणूस हरवतो गं आमच्याकडे. एकेका वर्गात चारचारशे पोरं. मागच्या वर्षी एक मुलगा सबंध सत्र भलत्याच वर्गात बसला आणि पास झाला. तुला खरं सांगू का? तू त्या लव्हॉनकडे जा. उत्तरेचं सरकारी कॉलेज. त्यांची स्वतःची गिरणी आहे. आमच्याकडे गिरणीचं चित्र आहे."

लव्हॉन म्हणजे पुढच्या टेबलावरची बुटकी, गोल चेहऱ्याची बाई. विणलेला स्वेटर, बर्फाचे बूट. तिने ओबीला आधी एक बार दिला. बार म्हणजे ताटात भाजून चौकोनी कापलेला गोड पदार्थ. आमच्याकडे त्यावाचून लग्न, मयत आणि प्रवेश यांतलं काहीच पार पडत नाही.

"गिरणी आहे म्हणे तुमच्याकडे?" ओबीने विचारलं.

"आहे एक. जुनी."

"चालते?"

"चालते तेव्हा चालते."

"आणि कॉलेज?"

"कॉलेजचं काय... थंडी फार. वाऱ्याला वाटेत आडवं यायला एक झाड नाही आमच्याकडे. नायजेरियाची ना तू? अरे देवा." लव्हॉनने तिला आणखी एक बार दिला. "तू असं कर, त्या गेलनकडे जा. दोन वर्षांचं सरकारी कॉलेज आहे त्यांचं. फी कमी आणि पहिल्या दिवसापासून हातात काम. त्यांची पोरं आमच्या पोरांना शिकवतील, अशी तयार असतात."

गेलन हा चौकड्यांचा सदरा घातलेला, पावाच्या लाद्यांसारखे हात असलेला माणूस. तो ओबीला बघून उठून उभा राहिला आणि मग उठल्याबद्दल ओशाळला.

"आमचं कसलं कॉलेज," तो म्हणाला. "पत्र्याची शेड आहे. वेल्डिंग शिकवतो, ट्रक दुरुस्ती शिकवतो आणि थोडं धान्याचं. पण पदवी नाही मिळत, नुसतं प्रमाणपत्र. तुझी तीन वर्षं झालीत. तू ती पुन्हा कशाला शिकतेस? तुझ्यासारखीने त्या ड्वेनकडे जावं. मोठं विद्यापीठ. ग्रंथालय एवढं मोठं, की आत ढग जमतात म्हणे."

ओबी ड्वेनकडे परत आली.

"परत आलीस?"

"गेलनने पाठवलं."

"भला माणूस. पण त्याचं ऐकू नकोस. लव्हॉनकडे गेली होतीस का?"

"तिने गेलनकडे पाठवलं."

"बघ," ड्वेन मान डोलावत म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, बाई चांगली आहे?"

ओबीने अशा दोन प्रदक्षिणा घातल्या. दुसरी संपली तेव्हा तिच्याकडे प्रवेश नव्हता, पण लिंबाचे, शेंगदाण्याचे आणि भोपळ्याचे मिळून एवढे बार झाले होते की ते धरायला मी ताट आणून दिलं.

राहिलं चौथं टेबल. ते खासगी कॉलेजचं, आणि त्याला फुगे बांधलेले होते. मागे व्हिन्स कपुटो नावाचा माणूस उभा होता. हा न्यू जर्सीचा, म्हणजे आमच्यातला नव्हे. कॉलेजात 'चैतन्य आणायला' म्हणून त्याला मागच्या वर्षी नेमलेला. चैतन्य आलं होतं, पण ते कुठे ठेवायचं हे अजून कुणाला समजलं नव्हतं.

"ए पिवळा फेटा!" तो व्यायामशाळेच्या त्या टोकावरून ओरडला. "इकडे! सकाळपासून तुझीच वाट बघतोय मी!"

ओबीचा चेहरा एकदम उजळला. माझा दंड धरून ती म्हणाली, "काका, हा माणूस दुकानदार आहे!"

"राज्यातलं सगळ्यात भारी कॉलेज!" व्हिन्स म्हणाला. "राज्यातलं काय, देशातलं म्हण!"

तिकडे ड्वेनला कॉफीचा ठसका लागला. गेलनने त्याची पाठ चोळली.

"अन्नप्रक्रिया आहे?" ओबीने विचारलं.

"आमच्याकडे विद्यार्थी आपला विषय स्वतः बनवतात!"

"म्हणजे नाही."

"म्हणजे अजून नाही! तू बनवलास की असेल."

"आणि शिकवणार कोण?"

"तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक आहेत आमचे. घरी पाव करतात. काय पाव असतो म्हणून सांगू!"

"फी?"

व्हिन्सने फी सांगितली. ओबीने जिभेने 'च्च' असा आवाज केला, पाठ फिरवली आणि निघाली. बाजारात निघतात तशी निघाली. पावलं टाकायची पण अंतर कापायचं नाही.

"अगं थांब, थांब!" मागून व्हिन्स ओरडला. "निम्मी! शिष्यवृत्ती समज! निम्मी करतो!"

ओबीने मागे वळूनही पाहिलं नाही. चालता चालता माझ्या कानाशी म्हणाली, "एवढ्या झटकन जो निम्म्यावर येतो ना काका, त्याचं कापड पहिल्या धुण्यात आटतं."

मग ती जाऊन प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसली, मांडीवर ताट घेऊन. मी शेजारी बसलो. तिचे डोळे भरलेले होते, पण ते तिने मला दिसू दिले नाहीत आणि मी पाहिले नाहीत. एवढं तीन वर्षांत आम्ही एकमेकांकडून शिकलो होतो. तिने आईला फोन लावला. तिची आई फोनवर बोलते तेव्हा तो कानाला लावायची गरज नसते.

"दुकानदार गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानात पाठवतो?" आई कडाडली. "मग माल चोरीचा आहे!"

"आई, तिघं तसंच करतायत."

"मग तिघांनी मिळून चोरलाय. आणि तू काय करतेस? बसलीस? बाजारात बसतं का कोणी? ऊठ, माल हातात घे, खोट काढ, वाटेल ते खोटं बोल, पण रिकाम्या हाताने येऊ नकोस! तुझा तो म्हातारा काय करतोय?"

"शेजारी बसलेत."

"त्यालाही उठव!"

फोन बंद झाला. मी घसा साफ केला. "ओबी, तू त्यांना नको आहेस असं नाहीये. ती लव्हॉन बर्फातून सहा तास गाडी हाकत आली आहे. नको असलेल्या मुलीसाठी कोण एवढं करतं?"

"मग सांगत का नाही, आमचं चांगलं आहे, ये म्हणून?"

"असं कसं सांगेल? तिच्या आईला काय वाटेल?"

"तिची आई आहे?"

"वारली असेल गं या वयात. तरी पण."

"काका, तुमच्या राज्यात एखादी वस्तू विकली तरी जाते का हो?"

"हळूहळू जाते."

"माझ्याकडे हळूहळू नाहीये. हे आज गेले की पुन्हा कोण येणार आहे?" तिने लिंबाच्या बारचा तुकडा तोडला आणि विचारात तसाच धरून ठेवला. "बरं, मला सांगा. लव्हॉन स्वतःबद्दल चांगलं बोलणार नाही. पण दुसरं कुणी तिच्याबद्दल खोटं बोललं, तर ती गप्प बसेल?"

प्रश्न असा होता, की मला खरोखरच विचार करावा लागला. मिनेसोटाचा माणूस नम्र असतो खरा, पण तो कुणी पावसाचा आकडा चुकीचा सांगितला तरी रात्रभर तळमळणारा असतो. या दोन गोष्टींची आपसात गाठ पडली तर काय होईल, हे कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"मला माहीत आहे," ओबी म्हणाली. तिने ताट माझ्या मांडीवर ठेवलं, फेटा नीट केला आणि सरळ लव्हॉनच्या टेबलापाशी जाऊन तिथल्या रिकाम्या खुर्चीवर चढून उभी राहिली.

"ऐका हो ऐका!" व्यायामशाळा घुमली. "उत्तरेच्या कॉलेजात चला! दहा गिरण्या आहेत, दहा!"

लव्हॉन मानेपासून वर लाल होत गेली. "अगं, खाली उतर. एकच आहे."

"एक आहे, पण देशातली सगळ्यात मोठी!"

"नाही गं बाई! मध्यम आहे."

"मध्यम आहे! आणि आठवड्यातून तीनदा बंद पडते!"

"कोण म्हणतं?" लव्हॉन म्हणाली. "गेल्या दोन वर्षांत एकदासुद्धा बंद पडलेली नाही." आणि तिने पटकन तोंडावर हात ठेवला.

पण आता दार किलकिलं झालं होतं, आणि ओबीने त्यात पाय घातला. "तिथे शिकलेल्यांना नोकरी मिळत नाही हो!"

"सगळ्यांना मिळते!" लव्हॉन म्हणाली. मग प्रामाणिकपणा आडवा आला. "म्हणजे, एकाला नाही मिळाली. पण त्याला नकोच होती. त्याने लग्न केलं."

"शिकवणारे कुणी नाहीत!"

"पाच जण आहेत. पाचही जण गिरणीत हात घालणारे आहेत."

"थंडीत पोरं गारठून रस्त्यात पडतात!"

"कसली पडतात?" लव्हॉन आता खुर्चीवरून उठली होती. "सगळ्या इमारतींच्या खालून रस्ते आहेत आमच्याकडे! ऐन जानेवारीत मुलं चपला घालून वर्गात येतात! दक्षिणेकडच्या एकाही कॉलेजात नाहीत असले रस्ते!"

हे बोलून झालं. कॉफीचं पिंप गुरगुरत होतं तेवढंच. गेलन आपल्या बुटांकडे बघत होता. ड्वेनने टोपी काढून हातात घेतली होती. एवढी उघड आत्मस्तुती आपण आयुष्यात ऐकली नाही, असं तो मला नंतर म्हणाला. पण बोलताना त्याच्या आवाजात नाराजीपेक्षा काहीतरी वेगळं होतं. आणि त्याने आपला ओव्हरकोट फलकावरून काढून घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. थोड्या वेळाने परत टांगला, ते सोडा.

ओबी खुर्चीवरून उतरली. आवाजही उतरवला. "एवढं सगळं आहे तुमच्याकडे," ती म्हणाली, "मग मला जागा का देत नाही?"

लव्हॉन गोंधळली. "तू मागितलीस कुठे?"

"म्हणजे?"

"तू विचारलंस, गिरणी आहे का. मी म्हटलं, आहे. तू विचारलंस, चालते का. मी म्हटलं, चालते. जागा हवी असं तू कुठे म्हणालीस? कुणी न मागता कुणाच्या गळ्यात कसं पडायचं?"

ओबीने डोळे मिटले. ओठ हलले. ओनित्शाची भाषा मला येत नाही, पण प्रार्थना वाटली नाही.

"मागते," ती म्हणाली. "द्या."

"बरं," लव्हॉन म्हणाली आणि पिशवीतून कागद काढला. इतक्या बर्फातून तो तिने भिजू नये म्हणून पावाच्या प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळून आणला होता. तिने चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि थांबली. "एक राहिलं. तू ज्यांच्याकडे होतीस त्यांचं मत विचारावं लागतं मला. ते बरं असल्याशिवाय मी सही करत नाही, खोटं कशाला सांगू. आर्लीस! इकडे ये जरा. कशी आहे गं ही मुलगी?"

आर्लीस पिंपापाशी होती. हात पुसत आली.

आता मला इथे सांगितलं पाहिजे, की ओबीच्या परीक्षांचे निकाल आमच्या फ्रीजच्या दारावर चिकटवलेले असायचे, नातवंडांच्या चित्रांच्या वर. ओबीला सर्दी झाली, तर आर्लीस रात्री दोनदा जिना चढायची आणि सकाळी म्हणायची, मांजराला बघायला गेले होते. आमच्याकडे मांजर नाही. मला वाटलं, संपलं काम. आता आर्लीस दोन शब्द बोलेल, सही होईल आणि मी पिंप उचलेन.

"ओबी ना?" आर्लीस म्हणाली. "ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे?"

"म्हणजे अभ्यास करते. पण दिवे बंद करत नाही कधी. आणि बोलते फार. बर्फ काढायला पाठवलं, तर फावडं बर्फातच ठेवून येते."

"वर्गात कशी आहे?"

"पहिली येते. पण वर्ग केवढासा आमचा, चार पोरं. त्यात पहिलं यायला काय लागतं?"

ओबीचा चेहरा उतरला. "काकू!"

आर्लीसने तिच्याकडे पाहिलं नाही. "स्वयंपाक येतो म्हणते, पण सगळ्यात मिरची. या माझ्या नवऱ्याने, ऑर्विलने, तिच्या हातचा भात खाल्ला तेव्हा तो बाहेर जाऊन बर्फात बसला होता. हट्टीपण आहेच. एकदा म्हणाली की करणार, की मग ते झाल्याशिवाय आम्हाला जेवू देत नाही. आता काय सांगू? तुझ्याकडे हिच्याहून चांगल्या मुली असतील."

"काका," ओबी माझ्या बाहीला धरून म्हणाली, आणि या वेळी तिने डोळे लपवले नाहीत, "काकूने मला बुडवलं. मी काय केलं हो तिचं?"

लव्हॉन चष्म्याच्या वरून आर्लीसकडे बघत होती.

"किती वर्षं राहतेय तुझ्याकडे?"

"तीन. वरच्या खोलीत."

"आता खोली रिकामी होईल."

"होईल ना," आर्लीस म्हणाली. "शिवणयंत्र ठेवीन म्हणते तिथे. केव्हापासून जागा हवी होती." मग ती वळली, पिंपापाशी गेली आणि त्यात पाणी ओतायला लागली. पिंप काठोकाठ भरलेलं होतं. पाणी टेबलावरून खाली वाहायला लागलं तरी ती ओतत राहिली.

लव्हॉनने कागद सरळ केला आणि सही ठोकली. नाव, हुद्दा, तारीख. मग कागद ओबीच्या हातात देऊन म्हणाली, "माझ्या धाकटीबद्दल मी अगदी असंच बोलते."

ओबीने कागद वाचला. उलटा करून मागची बाजू वाचली. बाजारातली मुलगी, अस्तर बघितल्याशिवाय कशी राहील? तिला जागा मिळाली होती, पुढच्या सत्रापासून, अन्नप्रक्रियेला. व्हिन्सने लांबून अंगठा वर केला आणि एक फुगा फोडला. पण ओबी जागची हलेना.

"काका, खरं सांगा," ती हळू आवाजात म्हणाली. ती हळू बोलू शकते हे मला तीन वर्षांत प्रथमच समजत होतं. "काकूचं माझ्याबद्दल एवढं वाईट मत आहे?"

"एवढं वाईट," मी म्हणालो, "ती आजवर फक्त आमच्या दोन मुलांबद्दल बोलली आहे. माझ्याबद्दल तर इतकं मनापासून कधीच नाही."

ओबीने माझ्याकडे पाहिलं. मग तिकडे, जिथे आर्लीस पाठमोरी उभी राहून टेबलावरचं पाणी ओल्याचिंब फडक्याने पुसत होती. मग कागद तिने माझ्या खिशात कोंबला, धावत जाऊन आर्लीसला मागून घट्ट मिठी मारली आणि निळ्या झग्याच्या बाह्यांत तिला पार गुंडाळून टाकलं. फेटा सुटून दोघींच्या खांद्यांवर आला.

"अगं, हे काय," आर्लीस म्हणाली. "सोड. लोक बघतायत."

पण तिने हात सोडवून घेतले नाहीत. आणि लोक बघतही नव्हते. ड्वेन, गेलन आणि लव्हॉन तिघंही मान वर करून बास्केटबॉलच्या जाळीकडे, जणू काही आयुष्यात अशी जाळी पाहिलीच नव्हती अशा लक्षपूर्वक नजरेने, पाहत उभे होते. टाळ्या वाजवत होता तो एकटा व्हिन्स.